अडीच रिंगिटची पुडी: क्वालालंपूरमध्ये आपली नासी लेमाकची टपरी कशी शोधायची

क्वालालंपूरला नोकरीसाठी नवी आलेली मराठी मंडळी पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात, "चांगलं नासी लेमाक कुठे मिळतं?" मी पत्ता सांगत नाही. मुंबईत कोणी "चांगला वडापाव कुठे?" असं विचारलं तर काय सांगाल? ज्याला त्याला आपल्या कॉलेजसमोरचा नाहीतर स्टेशनबाहेरचा आवडतो, आणि नावाजलेला वडापाव खायला रोज उठून लोकलने कोणी जात नाही. नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि तिखट चटणी, हे तसंच रोजचं खाणं आहे. त्यामुळे पत्त्यापेक्षा शोधायची रीत कामाची. मला माझी टपरी सापडायला सात महिने लागले, कारण मी उलट्या बाजूने सुरुवात केली होती. आधी प्रसिद्ध हॉटेलं, मग मॉलमधले कॅफे, आणि सगळ्यात शेवटी घराखालचं टेबल. खालच्या क्रमाने गेलात तर तीन-चार आठवड्यांत काम व्हावं.

आधी पुडीत काय असतं ते ओळखा

नासी म्हणजे भात. लेमाक म्हणजे स्निग्ध, चरबट. स्थानिक लोक शेवटचा 'क' गिळून 'लमा' असं काहीसं म्हणतात, हे कानात बसू द्या, नाहीतर समोरचा काय म्हणतोय ते कळत नाही. सोलकढीला काढतो तसं नारळाचं दूध काढायचं आणि त्यात भात शिजवायचा. या दुधाला इथे सांतान म्हणतात. भातात मीठ, बऱ्याचदा आल्याचा तुकडा, आणि गाठ मारून टाकलेलं पांडानचं पान. हे पान आपल्याला अगदीच परकं नाही. कोकणात काही घरांच्या परसात 'आंबेमोहोराचं पान' म्हणून जे लावतात आणि साध्या तांदळाला वास यावा म्हणून भातात घालतात, तेच हे. केवडा त्याचा भाऊबंद. बासमतीला ज्या द्रव्यामुळे वास येतो तेच द्रव्य या पानात असतं. माझी आई चिपळूणहून आली होती तेव्हा तिने पुडी उघडल्या उघडल्या पान ओळखलं. पुढचा शेरा मात्र सांबालबद्दल, म्हणजे भातासोबतच्या तिखट चटणीबद्दल होता: "तिखटात साखर कशाला घालतात हे?"

तर सांबाल. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, त्यात कांदा, लसूण आणि बलाचान. मग भरपूर तेलात मंद आचेवर परतत राहायचं. मलय स्वयंपाकात या टप्प्याला 'पचाह मिन्याक' म्हणतात, म्हणजे तेल फुटणं. आपण 'तेल सुटेपर्यंत परता' म्हणतो ना, तेच. शेवटी चिंच आणि साखर किंवा ताडगूळ. ताडगुळाला इथे गुला मलाका म्हणतात, आणि हा 'गुला' आपल्या संस्कृत 'गुड'वरूनच आलेला आहे, असं मी आईला सांगितलं. तिचं मत बदललं नाही.

बलाचान म्हणजे बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. ही कोळंबी आणि आपला जवळा एकाच जातकुळीतले. ज्याने लहानपणी जवळ्याची चटणी खाल्लीय त्याला या वासाची ओळख पटायला वेळ लागत नाही.

भात आणि सांबालच्या जोडीला तळलेले इकान बिलिस, म्हणजे बोटाच्या पेराएवढे सुके मासे. तळलेले शेंगदाणे, काकडीच्या दोन-तीन चकत्या आणि उकडलेल्या अंड्याचा अर्धा किंवा पाव तुकडा. एवढ्याला 'नासी लेमाक बियासा' म्हणतात, म्हणजे साधं. केळीच्या पानाचा तुकडा, त्याभोवती तपकिरी कागद, आणि बांधणी त्रिकोणी. तुमच्या शोधाचं हत्यार हीच साधी पुडी आहे. कोंबडी, मटण, कालवण हे सगळं नंतर.

पहिली पायरी: भाव समजून घ्या

रस्त्यावरच्या टेबलावर साधी पुडी २ ते ३ रिंगिटला मिळते. रिंगिटचा भाव २० रुपयांच्या मागेपुढे धरा. तळलेलं अंडं घेतलंत की एक-दीड रिंगिट वाढतो. मसाल्याची तळलेली कोंबडी घेतलीत की ताट ८ ते १२ वर जातं. मॉलमधल्या कॅफेत हेच १५-२० च्या पुढे, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ६ टक्के सेवा कर.

याचा अर्थ असा की पैसे बहुतांशी कोंबडीचे आणि वातानुकूलनाचे असतात. भात आणि सांबाल, म्हणजे ज्याच्यासाठी हा पदार्थ आहे तो भाग, महागड्या ठिकाणी पाचपट चांगला नसतो. कधी कधी तर उलट असतं, कारण टेबलावर विकणारी बाई पहाटे एकच पातेलं लावते आणि तीन तासांत संपवते. कॅफेत भात दिवसभर गरम पेटीत बसून असतो.

दुसरी पायरी: बरोबर वेळी, बरोबर जागी चाला

नासी लेमाक मुळात सकाळचं. घड्याळ लावून साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान बाहेर पडा. साडेनऊनंतर एकच शब्द ऐकू येईल: 'हाबिस'. संपलं. शनिवारी अकरा वाजता आरामात उठून शोधायला निघालात तर फक्त उरलेलं सापडेल, आणि जे उरतं ते का उरतं याचाही विचार करावा.

कुठे पाहायचं? एलआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोसारख्या शहरी रेल्वेच्या स्टेशनचे जिने जिथे उतरतात तिथे. शाळेच्या फाटकाजवळ. मशिदीशेजारच्या गल्लीत. पेट्रोल पंपाच्या कडेला मोठी छत्री लावलेलं घडीचं टेबल, त्यावर पुड्यांचा ढीग आणि मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली माकचिक. माकचिक म्हणजे मावशी किंवा काकू, वयस्कर बाईला हीच हाक. थोडी तरुण असेल तर 'काक', म्हणजे ताई. पुरुष असेल तर 'बांग' किंवा 'पाकचिक'. नावाने किंवा नुसतं 'हॅलो' म्हणून हाक मारू नका, विचित्र वाटतं.

मी केलाना जया मार्गावरच्या दातो करामाट स्टेशनजवळ राहतो. मलय वस्तीचा भाग, जवळ मोठा बाजार. घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत मला सकाळी अकरा ठिकाणी नासी लेमाक मिळतं, हे मी एका रविवारी वहीत लिहून काढलं तेव्हा माझंच मला हसू आलं. सात महिने मी टॅक्सी करून शहरभर फिरत होतो.

तेव्हा असं करा. घर आणि ऑफिस या दोन्हींभोवती चालत पंधरा मिनिटांचं वर्तुळ मनात आखा. दोन सकाळी नुसते फिरा, काही विकत घेऊ नका, फक्त मोजा. पोलिसांच्या आणि नर्सच्या गणवेशातली माणसं, रिक्षावाल्यांच्या जागी इथले मोटरसायकलवरचे डिलिव्हरीवाले कुठे थांबतात ते पाहा. पर्यटकांची रांग आणि कामावर जाणाऱ्यांची रांग यांत फरक असतो. दुसरी रांग भरभर सरकते, कारण कोणी काही विचारत नाही. पाच रिंगिटची नोट ठेवायची, दोन पुड्या उचलायच्या, निघायचं.

नकाशाच्या अॅपवर फार विसंबू नका. यातली निम्मी टेबलं तिथे नसतात, आणि असली तरी वेळा चुकलेल्या असतात. वापरायचंच तर फोटो पाहा, तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतले, आणि त्यात भाताचा जवळून काढलेला फोटो शोधा.

एक गोम सांगतो. चिनी कोपितियाममध्ये (म्हणजे कॉफीच्या दुकानात), मामाकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या हॉटेलात, किराणा दुकानाच्या गल्ल्यावरही पुड्या ठेवलेल्या दिसतील. जुन्या कोपितियाममध्ये तर प्रत्येक टेबलावर ढीग असतो. उघडाल तेवढ्याचे पैसे. बऱ्याच ठिकाणी या पुड्या त्या हॉटेलात बनत नाहीत, पहाटे कोणीतरी घरून आणून देतं. कागदाची घडी, रबर बँडचा रंग किंवा कागदावरचा शिक्का सारखा दिसला तर ओळखा की दोन्हीकडचा माल एकाच हातचा आहे. एकदा मी तीन वेगवेगळ्या दुकानांना वेगवेगळे गुण दिले होते. तिन्ही पुड्या एकाच बाईच्या निघाल्या. तेव्हापासून मी गुण देताना जरा जपून असतो.

तिसरी पायरी: साध्या पुडीची परीक्षा

वर्तुळातली पाच-सहा ठिकाणं निवडा आणि प्रत्येक ठिकाणी फक्त साधी पुडी घ्या. समोर लालसोनेरी कोंबडी तळत असेल, वास सुटला असेल, तरी घेऊ नका. चांगली तळलेली कोंबडी कसलाही भात खपवते. मीही असाच फसलो होतो. एका गर्दीच्या ठिकाणाचं महिनाभर कौतुक करत होतो, आणि एक दिवस कोंबडी संपली म्हणून नुसता भात खाल्ला तेव्हा कळलं की भाताला नारळाचा मागमूसही नाही.

पुडी उघडलीत की आधी वास घ्या. केळीचं पान, पांडान आणि नारळ या तिघांचा मिळून एक उबदार वास यायला हवा. नुसता तेलाचा किंवा कागदाचा आला तर पुढे फार आशा ठेवू नका.

मग भाताचे दोन घास सांबाल न लावता खा. ही परीक्षा कोणी करत नाही आणि सगळं इथेच ठरतं. शीत सुटं असावं, पण कोरडं नको. ओठांना चिकटपणा जाणवावा, तेलकटपणा नको. मीठ लागलं पाहिजे. भाताला मीठ नसलं की नारळाची चव झोपूनच राहते. चांगले विक्रेते भात उकळण्याऐवजी वाफवतात, काही जण दोनदा, आणि नारळाचं दूध मध्येच घालून हलक्या हाताने मिसळतात. असा भात कोमट झाला तरी मऊ राहतो. घाईने एकदम शिजवलेला तासाभरात गोळा होतो आणि बोटाने फोडावा लागतो. ताज्या नारळाचं दूध आणि खोक्यातलं दूध यातला फरकही इथेच कळतो. खोक्यातल्याची चव सुरुवातीला गोडसर लागते आणि लगेच विरते.

आता सांबाल. रंग पाहा. खूप वेळ परतलेलं सांबाल गडद, विटकरीकडे झुकणारं असतं आणि कडेने तेल सुटलेलं दिसतं. भडक लाल, पाणीदार असेल तर मिरची कच्ची राहिलीय; ते पोटात जळतं. गोडपणाचं म्हणाल तर तो असतोच. पहिल्या आठवड्यात आपल्या जिभेला तो खटकतो, तिसऱ्या आठवड्यात त्याच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं. पण गोड, आंबट आणि तिखट एकामागून एक आले पाहिजेत. नुसतं गोड लागलं तर ती जागा वहीतून खोडा.

बिलिस कुरकुरीत हवेत. मऊ पडलेले असतील तर बहुधा कालचे. काही जण ते सांबालमध्येच शिजवून घालतात, ती वेगळी पद्धत आहे, दोष नव्हे. अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडी दिसली तर ते जास्त उकडलं गेलंय, पण मी यावरून कोणाला नापास करत नाही. काकडीवरूनही नाही.

शेवटचा निकष माझा स्वतःचा: पुडी संपल्यावर कागदाला चिकटलेली शितं तुम्ही बोटाने टिपून खाल्लीत का? तीन ठिकाणी मी खाल्ली. बाकीच्यांची नावं मला आता आठवतही नाहीत.

चौथी पायरी: तीनदा जा, वेगवेगळ्या दिवशी

एका पुडीवरून निकाल देऊ नका. नारळ, मिरची आणि हात, तिन्ही रोज सारखे नसतात. परीक्षेत वर आलेल्या दोन-तीन जागी आणखी तीन वेळा जा: एकदा अगदी लवकर, एकदा संपत आलेलं असताना, एकदा शनिवार-रविवारी. संपत आलेल्या वेळची पुडी सगळं सांगून जाते. पहाटे सातचा गरम भात कोणाचाही बरा लागतो. नऊ वाजताचा कोमट भात ज्याचा चांगला, त्याचा हात चांगला.

मी वहीत तारीख, वेळ, भाव आणि चारच शब्द लिहायचो. "२.५०, भात छान, सांबाल गोडच." एवढं पुरतं. एका जागी चार नोंदींत चार वेगळ्या चवी निघाल्या. चौकशी केली तर कळलं की आठवड्यातून दोन दिवस आई बनवते आणि बाकी दिवस मुलगा. मी आता आईच्या दिवशी जातो.

पाचवी पायरी: मागायचं कसं

इंग्रजीत चालतं, पण चार मलय शब्द बोललात की माकचिक हसते आणि चमचाभर सांबाल जास्त पडतं. "नासी लेमाक बियासा सातू" म्हणजे एक साधं. सातू एक, दुआ दोन, तिगा तीन. "तलूर माता" म्हणजे वर बलक राखून तळलेलं अंडं. "सांबाल लबिह", सांबाल जास्त. "कुरांग पडास", तिखट कमी. "सांबाल आसिंग", सांबाल वेगळं बांधून. "माकान सिनी" म्हणजे इथेच खातो, "बुंगकुस" किंवा "तापाउ" म्हणजे बांधून द्या. "बरापा?" म्हणजे किती झाले. चहा घेतलात तर "कुरांग मानिस" म्हणायला विसरू नका. नाहीतर तेह तारिक बासुंदीसारखा गोड येतो.

पैशांसाठी बहुतेक टेबलांवर क्यूआर असतो, पण तो सहज चालायला इथल्या बँकेचं खातं किंवा ई-वॉलेट लागतं. नवीन असाल तर १ आणि ५ रिंगिटच्या नोटा जवळ ठेवा. सकाळी सात वाजता ५० ची नोट पुढे केलीत तर मागची सगळी रांग तुमच्याकडे बघेल.

हाताने खाल्लंत तर कोणाला काही वाटत नाही, तेही हातानेच खातात. उजव्या.

शाकाहारी असाल तर

इथे मला स्पष्टच लिहायला हवं, कारण गोड बोलून कोणाला फसवायचं नाही. सांबालमध्ये बलाचान असतंच असं धरून चाला. "मासे काढून द्या" म्हणालात तर वरचे बिलिस काढले जातील, सांबालमधली कोळंबीची वडी कशी निघणार? अंडं खात असाल आणि मासळी नको असेल तर "ताक नाक सांबाल, ताक नाक इकान बिलिस" म्हणून भात, अंडं, शेंगदाणे, काकडी असं घेता येतं. पण सांबालशिवायचं नासी लेमाक म्हणजे शेवेशिवायची भेळ.

त्यापेक्षा चिनी बौद्ध शाकाहारी हॉटेलं शोधा. तिथे बलाचानशिवाय केलेलं सांबाल मिळतं, सोबत सोयाचं किंवा मशरूमचं 'मटण'. ब्रिकफील्ड्सच्या भारतीय वस्तीतल्या काही शाकाहारी हॉटेलांतही मिळतं. कांदा-लसूण चालत नसेल तर बौद्ध हॉटेलंच जास्त सोयीची, कारण त्यांच्यातल्या अनेकांना तो नियम आधीच माहीत असतो. भाव मात्र टेबलावरच्या पुडीपेक्षा बराच वर जातो.

गोमांस न खाणाऱ्यांनीही थोडं लक्ष ठेवावं. 'रेंडांग दागिंग' म्हणजे बहुतेक वेळा गाई-म्हशीच्या मांसाचं. 'पारू' म्हणून कुरकुरीत तळलेले काळपट काप दिसतात, ती फुप्फुसं असतात, तीही त्याच जनावराची. "इनी लम्बू?" एवढं विचारलं की उत्तर मिळतं. 'आयाम' म्हणजे कोंबडी, 'सोतोंग' म्हणजे माकूळ, 'उदांग' म्हणजे कोळंबी, 'करांग' म्हणजे शिंपल्यातलं.

मग आता वरचं कालवण

साध्या पुडीत जो पास झाला त्याच्याकडे आता खुशाल कोंबडी मागा. 'आयाम गोरेंग बरम्पाह' म्हणजे हळद, गवती चहा, गलांगल (आल्यासारखा कंद) वगैरेंच्या वाटणात मुरवून तळलेली. तळताना वाटणाचा जो चुरा सुटतो तो कुरकुरीत चुरा भातावर टाकून देतात. तो मागून घ्या, फुकट असतो. दुसरं माझ्या आवडीचं म्हणजे सांबाल सोतोंग. आणि रेंडांग आयाम. रेंडांगमध्ये करिसिक घालतात, म्हणजे खोबरं कोरडं भाजून तेल सुटेपर्यंत कुटलेलं. भाजक्या खोबऱ्याच्या वाटणावर वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

मलाक्काकडे गेलात तर सोबत परतलेली कांगकुंग, म्हणजे नाळीची भाजी, येते. पेनांगला पुड्या लहान असतात आणि आत कोळंबी किंवा माशाचा तुकडा निघतो. एकीत भागत नाही, दोन घ्याव्या.

प्रसिद्ध जागांचं काय करायचं?

जावं, पण एकदा, आणि फूटपट्टी म्हणून. दामनसारा उतामा भागातलं व्हिलेज पार्क तळलेल्या कोंबडीसाठी आहे. बोटॅनिकल गार्डनच्या बाजूचं नासी लेमाक तांगलिन १९४८ पासूनचं, सकाळी लांब रांग. रात्री भूक लागली तर काम्पुंग बारू. पेट्रोनास मनोऱ्यांच्या सावलीत उभी असलेली ही मलय वस्ती १९०० च्या सुमारास शेती करणाऱ्या मलय लोकांसाठी राखून दिलेली होती. आज तिथे वांजो आणि अंतराबांगसा ही दोन नावं लोक घेतात. इथे तुम्हाला 'चांगलं' म्हणजे काय याचा अंदाज येईल. मग घराखालचं अडीच रिंगिटचं टेबल त्याच्या किती जवळ जातं ते पाहा. बऱ्याचदा खूपच जवळ जातं.

या पदार्थाचा उल्लेख ब्रिटिश अधिकारी रिचर्ड विन्स्टेड यांनी १९०९ मध्ये मलय जीवनावरच्या पुस्तकात केला होता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारी-संस्कृतीला आपल्या वारसा यादीत घेतलं. नासी लेमाक, रोटी चनाई (पराठ्यासारखी रोटी), तेह तारिक सगळं त्यात आलं. आमच्या माकचिकला मी ही बातमी सांगितली. तिने विचारलं, "मग नारळ स्वस्त होणार का?"

सिंगापूरला राहणाऱ्यांनी हीच रीत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली भरलेल्या खाण्याच्या टपऱ्यांमध्ये वापरावी. ॲडम रोड फूड सेंटर आणि चांगी व्हिलेज ही तिथली नावाजलेली ठिकाणं. रस्त्यावर टेबल मांडायला तिथे मोकळीक नाही, त्यामुळे शोध सोपा, मजा थोडी कमी, आणि भाव अर्थातच सिंगापूरचे.

चुलतभावाला विसरू नका

नासी लेमाक नीट कळलं की नासी दागांग शोधा. हे पूर्व किनाऱ्यावरच्या तेरंगानू आणि कलांतान राज्यांचं. इथेही नारळाचं दूध आहे, पण भात भिजवून वाफवतात, मग सांतान घालून पुन्हा वाफवतात, आणि त्यात मेथ्या घालतात. मेथीला ते हालबा म्हणतात. सोबत टूनाचं, म्हणजे आपल्या कुप्याचं, दाट कालवण आणि काकडी-गाजराचं आंबटगोड लोणचं. भातात मेथी ऐकून आईने नाक मुरडलं होतं. दोन पुड्या तिने एकटीने संपवल्या. क्वालालंपूरमध्ये पाटीवर 'तेरंगानू' किंवा 'कलांतान' लिहिलेलं दिसलं की थांबा. शेजारीच निळा भात दिसेल, तो नासी कराबू. निळा रंग गोकर्णाच्या फुलांचा. त्या भातात नारळाचं दूध नसतं, भाजक्या खोबऱ्याचा चुरा वरून घालतात.

पोटाची काळजी

नारळाचं दूध या हवेत लवकर आंबतं. पुडी घेतल्यापासून दोन-तीन तासांत खा. मी एकदा सकाळी आठला घेतलेली पुडी मीटिंगच्या नादात दुपारी अडीचला खाल्ली आणि पुढचे दोन दिवस घरी होतो. दोष विकणारीचा नव्हता. भाताला आंबूस वास आला किंवा शितं तारेसारखी चिकटू लागली की सरळ टाकून द्या, अडीच रिंगिटसाठी जीव पणाला लावू नये. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करण्याचा प्रयोगही करून झालाय. भात खडा होतो, बिलिस चामड्यासारखे.

हॉटेलांच्या भिंतीवर स्थानिक पालिकेने दिलेली स्वच्छतेची श्रेणी लावलेली असते, ए किंवा बी पाहून बसा. रस्त्यावरच्या टेबलाला ती नसते. तिथे मी एवढंच पाहतो की पैसे घेणारा हात आणि अन्न वाढणारा हात वेगळा आहे का, आणि सांबालच्या भांड्यावर झाकण आहे का.

राखीव जागा हवीच

आवडती टपरी एक असून भागत नाही, तीन ठेवा. शाळेजवळच्या शाळेच्या सुट्टीत बंद होतात. रमजानमध्ये दिवसा मलय खाणावळी बंद असतात. तेव्हा दुपारी चारच्या सुमारास रमजान बाजारात जायचं, सगळ्या माकचिका तिथे भेटतात, आणि पुडी घरी आणून खायची, रस्त्यात उपवास करणाऱ्यांसमोर नव्हे. बंद टेबलावर 'तुतुप' असा कागद चिकटवलेला असतो, कधी उघडणार ते लिहिलेलं नसतं. चुकूनही फोन करून विचारू नका, फक्त दोन दिवसांनी पुन्हा चक्कर मारा.

आणि ईद, म्हणजे हारी राया. अर्धं शहर आपापल्या गावी जातं. माझ्या वर्तुळातली अकराच्या अकरा टेबलं गायब होतात, ती आठवडा-दहा दिवस उगवत नाहीत. त्या आठवड्यात मी घरी पोहे करतो.